लायसन्समध्ये लिहिलंय एक, लेखकाच्या मनात दुसरं: ओपन सोर्स परवान्याच्या अर्थावरून वाद झाला तर काय करायचं

लातूर, जालना, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथे दोन-चार जणांच्या कितीतरी छोट्या कंपन्या आडत दुकानांसाठी, पतसंस्थांसाठी, जिनिंगसाठी, कोचिंग क्लासेससाठी सॉफ्टवेअर बनवतात. त्यांच्या प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात कुणीतरी दुसऱ्याने लिहिलेला ओपन सोर्स कोड, म्हणजे परवाना देऊन सगळ्यांना वापरायला मोकळा केलेला कोड, असतोच. परवाना कुणी उघडून पाहत नाही आणि तोवर कुणाचं अडतही नाही. अडतं ते एखादा ईमेल आल्यावर, मोठ्या कंपनीने कंत्राटाआधी अशा कोडची यादी मागितल्यावर किंवा सोडून गेलेल्या भागीदाराने तोच कोड दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकल्यावर.

अशा वादांत बहुतेक वेळा दोन्ही बाजू प्रामाणिक असतात, पण त्या दोन वेगवेगळे मजकूर वाचत असतात. एक जण लायसन्स फाइल वाचतो, दुसरा रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल) किंवा संकेतस्थळावरचे प्रश्नोत्तर वाचतो. सातबाऱ्यावरची नोंद एक आणि बांधावरची समजूत दुसरी असली की भावकीत जे होतं, तेच इथे होतं. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. आधी बांधणारा मजकूर कोणता ते ठरवा, मग तो देणारा कोण, मग शब्द आणि शेवटी हेतू. क्रम उलटा केला की माणूस आपल्याला सोयीचा हेतू आधी ठरवतो आणि शब्दांना त्यात बसवतो.

पायरी १: बांधणारा मजकूर नेमका कोणता?

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये परवान्याचा उल्लेख चार-पाच ठिकाणी असू शकतो: लायसन्स किंवा कॉपीइंग नावाची फाइल, प्रत्येक सोर्स फाइलच्या (प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ कोडच्या फाइलच्या) डोक्यावरचा मजकूर, पॅकेजच्या माहितीतली ओळ, रीडमी आणि संकेतस्थळ. या सगळ्या ठिकाणच्या प्रती काढून तारखेसह जपून ठेवा. तुम्ही जी आवृत्ती डाउनलोड केली त्या आवृत्तीसोबतचा परवाना महत्त्वाचा आहे, आज संकेतस्थळावर दिसतो तो नव्हे. सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हाशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये परवाने बदलले. पण बदलाआधीच्या आवृत्त्या जुन्या परवान्यानेच मिळालेल्या होत्या, आणि त्या पायावरच हाशीकॉर्पच्या टेराफॉर्मपासून ओपनटोफू व रेडिसपासून वाल्की हे वेगळे प्रकल्प उभे राहिले.

दुसरी तपासणी परवान्याच्या आवृत्तीच्या क्रमांकाची. जीपीएल हा परवाना सांगतो की कोड पुढे दिला तर त्याच परवान्याखाली, सोर्ससकट द्या. 'जीपीएल आवृत्ती २' आणि 'जीपीएल आवृत्ती २ किंवा त्यानंतरची कुठलीही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अपाची २.० या सैल परवान्याखालचा कोड जीपीएल आवृत्ती ३ सोबत जोडता येतो, 'फक्त आवृत्ती २' असलेल्या कोडसोबत जोडता येत नाही, असं जीपीएल लिहिणारं खुद्द फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सांगतं. 'किंवा त्यानंतरची' हे शब्द असतील तर वाट मोकळी होते. लेखकाने नुसतं 'जीपीएल' एवढंच लिहून क्रमांक दिला नसेल, तर आवृत्ती २ चं कलम ९ म्हणतं की फाउंडेशनने प्रसिद्ध केलेली कुठलीही आवृत्ती तुम्ही निवडू शकता. क्रमांक न लिहिणाऱ्या कित्येक लेखकांना आपण एवढी मोकळीक दिली हे माहीतही नसतं.

लायसन्स फाइल एमआयटी (जवळपास सगळं करू देणारा सैल परवाना) म्हणते आणि एखाद्या सोर्स फाइलच्या डोक्यावर जीपीएल आहे, असं दिसलं तर सोयीचं वाचून पुढे जाऊ नका. अनेकदा ती एक फाइल दुसऱ्या प्रकल्पातून आणलेली असते. तिचा मूळ परवाना लायसन्स फाइलमुळे पुसला जात नाही.

पायरी २: परवाना देणाऱ्याचा हक्क होता का?

परवान्याच्या शब्दांवर वाद घालण्याआधी, तो देणारा माणूस मालक होता का ते बघा. आपल्याकडे याच जागी सगळ्यात जास्त गोंधळ आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

कॉपीराइट अधिनियम १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा लेखक. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर वेगळा करार नसल्यास मालक म्हणजे नोकरी देणारा. पण छत्रपती संभाजीनगरच्या एका कंपनीने परभणीच्या फ्रीलान्सरकडून ठरलेल्या रकमेत प्रोग्राम लिहून घेतला, तर तो फ्रीलान्सर नोकर नाही. पैसे पूर्ण दिले म्हणून मालकी आपोआप कंपनीकडे जात नाही. त्यासाठी कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. व्हॉट्सॲपवरचं 'कोड आता तुमचाच, सर' हे वाक्य त्या कामाचं नाही.

हस्तांतरण लिहितानाही काळजी घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं धरतो. कलम ३०अ हीच तरतूद, आवश्यक ते फेरफार करून, परवान्यांनाही लावतं. आता एमआयटी परवाना वाचून पाहा: त्यात ना मुदत आहे, ना प्रदेश. अपाची २.० मध्ये 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द स्पष्ट आहेत, तर जीपीएल आवृत्ती ३ मध्ये हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी दिल्याचं लिहिलं आहे. लेखकाचा हेतू कायमचाच होता हे जगाला ठाऊक असलं तरी भारतीय कायद्यात समोरचा वकील या जागेवर बोट ठेवू शकतो. म्हणून आपला कोड एमआयटीखाली देताना परवान्याचा मजकूर जसाच्या तसा ठेवा, आणि रीडमीत स्वतंत्र वाक्य घाला: 'ही परवानगी जगभर आणि कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत आहे.'

कॉलेजच्या प्रकल्पांचं काय? विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नसतो. कॉलेजला मालकी हवी असेल तर तसं काहीतरी लेखी असावं लागतं. प्रकल्पाच्या वेळी सही केलेला फॉर्म शोधा. आणि चौघांनी मिळून लिहिलं असेल तर एकट्याने परवाना बदलता येणार नाही, चौघांची लेखी संमती घ्या. ही कामं शेवटचं वर्ष संपण्याआधी करा. नंतर एक जण पुण्याला जातो, एक हैदराबादला, आणि चौथ्याचा नंबरही बदललेला असतो.

पायरी ३: वाक्य सोडवून वाचा

आता शब्दांकडे. वादाचं वाक्य वहीत उतरवून घ्या आणि त्याचे तुकडे करा: कोणाला, काय करण्याची परवानगी, कुठल्या अटीवर, आणि ती अट कधी लागू होते.

वॉशिंग्टन विद्यापीठाने बनवलेला पाइन हा ईमेल प्रोग्राम एके काळी फार वापरात होता. त्याच्या परवान्यात वापरण्याची, प्रती काढण्याची, बदलण्याची आणि वितरित करण्याची परवानगी होती. सगळ्यांनी तो साहजिकच 'बदलून वितरित करा' असा वाचला. पुढे विद्यापीठाने भूमिका घेतली की बदलायला परवानगी आहे आणि वितरित करायलाही आहे, पण बदललेली प्रत वितरित करायला नाही. तेच शब्द, तीच स्वल्पविरामाने जोडलेली यादी. मला ते वाचन ओढूनताणून केलेलं वाटतं, पण मालकच तसं म्हणत असेल तर वापरणाऱ्याला धोका पत्करावा लागतो. लोकांनी पाइन सोडला, आणि अखेर विद्यापीठानेच अल्पाइन हा पुढचा प्रोग्राम अपाची २.० खाली दिला. यादीतली क्रियापदं एकत्र लागतात की सुटी सुटी, हे म्हणून नेहमी विचारा.

दुसरी नजर अटीच्या शब्दावर ठेवा. 'अमुक केलंत तर परवानगी आहे' आणि 'परवानगी आहे. तुम्ही अमुक करावं' ही दोन वाक्यं कानाला सारखी लागतात, कायद्यात मात्र नाहीत. पहिल्यात अट मोडली की परवानगीच उरत नाही आणि कॉपीराइटचा भंग होतो. दुसऱ्यात फक्त करारभंग होतो आणि उपाय दुबळा पडतो. अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला याच मुद्द्यावर गाजला. खेळण्यातल्या रेल्वेचं नियंत्रण करणारं ते सॉफ्टवेअर होतं, आणि आर्टिस्टिक लायसन्सखाली दिलेल्या त्याच्या फाइली दुसऱ्या कंपनीने मूळ लेखकाचं नाव काढून वापरल्या. खालच्या कोर्टाने परवान्यातल्या बाबी साध्या करारातल्या वचनांसारख्या धरल्या. २००८ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील कोर्टाने निकाल फिरवला. परवान्यात 'या अटीवर' अशा अर्थाचे शब्द होते, म्हणून त्या अटीच आहेत, असं कोर्ट म्हणालं. पैसे न घेता दिलेल्या कोडलाही कॉपीराइटचं पूर्ण संरक्षण मिळतं, हे त्या निकालाने पक्कं झालं.

तिसरी गोष्ट व्याख्यांची. जीपीएल आवृत्ती २ कॉपीराइट कायद्यातल्या 'व्युत्पन्न कृती'वर, म्हणजे मूळ कृतीवरून तयार झालेल्या नव्या कृतीवर, भर देते. ही कल्पना अमेरिकी कायद्यातून आलेली. आपल्या कायद्यात तिची तशी व्याख्या नाही. आपल्याकडे 'रूपांतर' आहे, आणि त्यात कृतीची फेरमांडणी किंवा फेरबदल येतो. २००७ ची आवृत्ती ३ लिहिताना एका देशाच्या कायद्यावर विसंबू नये म्हणून मुद्दाम नवे शब्द घेतले आणि त्यांच्या व्याख्या परवान्यातच दिल्या. त्यामुळे भारतात वाद होण्याची शक्यता असेल तर आवृत्ती ३ वाचायला जास्त सोपी जाते.

पायरी ४: एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ

समजा, लातूरच्या एका आडत दुकानासाठी तुम्ही प्रोग्राम बनवलाय. सोयाबीन, तूर आली की काट्यावरचं वजन त्यात चढतं, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी मिळते. पट्टीची पीडीएफ बनवायला तुम्ही आयटेक्स्ट ही लायब्ररी (आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड) घेतली. तिच्या पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएल (जीपीएलचाच, नेटवर्कवरच्या वापरालाही लागू होणारा प्रकार) लागू आहे, आणि ज्याला तो नको त्याला तीच कंपनी व्यावसायिक परवाना विकते. तुमचा प्रोग्राम सर्व्हरवर चालतो, दुकानदार तो ब्राउझरमधून वापरतात.

एजीपीएलचं कलम १३ म्हणतं की तुम्ही प्रोग्राममध्ये बदल केला असेल, तर नेटवर्कवरून तो वापरणाऱ्यांना सोर्स कोड मिळण्याची सोय ठळकपणे द्यावी लागेल. तुम्ही म्हणाल, मी लायब्ररीच्या एका अक्षरालाही हात लावला नाही, मला कलम १३ लागूच नाही. हे वाचन रोजच्या भाषेत बरोबर दिसतं. पण परवान्याच्या सुरुवातीच्या कलमात 'बदल करणे' याची व्याख्या दिली आहे: हुबेहूब प्रत सोडून, कृतीचा सगळा किंवा काही भाग कॉपीराइटच्या परवानगीची गरज पडेल अशा रीतीने घेणं किंवा जुळवून घेणं. लायब्ररी जोडून तयार झालेला मोठा प्रोग्राम या व्याख्येत बसतो, असं समोरचा म्हणू शकतो. तेव्हा खरा प्रश्न असा की तुमचा प्रोग्राम आणि लायब्ररी मिळून एक कृती झाली का.

माझं मत स्पष्ट आहे. लायब्ररी एकाच प्रोसेसमध्ये थेट जोडली असेल, तर हा वाद जिंकण्याच्या भरवशावर धंदा उभा करू नका. तीन मार्ग आहेत: सगळा प्रोग्राम एजीपीएलखाली देणं, व्यावसायिक परवाना घेणं, किंवा सैल परवान्याची दुसरी लायब्ररी वापरणं. छोट्या कंपनीला बहुधा तिसरा परवडतो.

याच उदाहरणात उलटी भीतीही दिसते. साध्या जीपीएलखालचा कोड वापरला म्हणजे आपला सगळा कोड इंटरनेटवर टाकावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. जीपीएलची जबाबदारी प्रत हातात दिली की सुरू होते. सॉफ्टवेअर ज्याला दिलं त्याला सोर्स द्यायचा. आवृत्ती २ मध्ये सोबत सोर्स न देता लेखी हमी दिली, तर ती किमान तीन वर्षं आणि कुठल्याही तिसऱ्या व्यक्तीसाठी असावी लागते, म्हणून सोर्स सोबतच देऊन मोकळं व्हा. पैसे घ्यायलाही हरकत नाही. दुकानदार विचारील, 'अहो, कोड फुकटचा होता म्हणता, मग आमच्याकडून पैसे कशाचे घेतले?' त्याला सरळ सांगा, 'मालक, तो कोड तुमच्या पट्टीला बसवला, तुमच्या काट्याला जोडला, हंगामात रात्री-अपरात्री फोन उचलायची जबाबदारी घेतली, त्याचे पैसे आहेत. आणि हा घ्या सोर्स, उद्या दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं झालं तर तो तुमच्याच हातात आहे.' इतक्या उघड बोलण्याने गिऱ्हाईक तुटत नाही.

पायरी ५: हेतू शोधायचा कुठे, आणि त्याला वजन किती द्यायचं?

लेखकाचा हेतू लेखी आणि परवान्यासोबत असेल, तर त्याला खरं वजन असतं. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कॉपीइंग फाइलच्या जोडीला त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एक टीप ठेवली: सिस्टिम कॉलद्वारे (कर्नलकडे काम मागण्याच्या ठरलेल्या वाटेने) कर्नलच्या सेवा नेहमीसारख्या वापरणारे प्रोग्राम कर्नलपासून व्युत्पन्न धरले जाणार नाहीत. एवढ्या छोट्या टिपेमुळे लिनक्सवर चालणाऱ्या बंद सॉफ्टवेअरबद्दलचा केवढा तरी वाद उगवण्याआधीच मिटला.

टीप नसली की काय होतं ते टिवोच्या वादात दिसलं. टिवो कंपनीच्या टीव्ही रेकॉर्डरमध्ये लिनक्स होतं, कंपनी सोर्सही देत होती, पण बदललेला कर्नल त्या यंत्रावर चालत नव्हता, कारण यंत्र डिजिटल सही तपासायचं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांच्या मते परवान्याचा हेतूच त्यामुळे हरला. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं होतं की आवृत्ती २ कोड परत मागते, यंत्रावरचा ताबा मागत नाही. दोघेही एकाच मजकुरावर बोट ठेवून बोलत होते. फाउंडेशनने मग आपला हेतू आवृत्ती ३ मध्ये शब्दांत आणला: घरगुती वापराच्या यंत्रासोबत बदललेलं सॉफ्टवेअर बसवायला लागणारी माहितीही द्यावी लागेल. लिनक्स आवृत्ती २ वरच राहिलं. हेतू बदलला किंवा अधिक स्पष्ट झाला तर मजकूर बदलावा, जुन्या मजकुरातून नवा अर्थ ओढू नये, असं या वादावरून मला वाटतं.

फाउंडेशनचे प्रश्नोत्तर, प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचा खुलासा हे सगळं उपयोगी आहे, पण ते कोणाचं बोलणं आहे ते बघा. जीपीएलचा मजकूर फाउंडेशनने लिहिला असला तरी तुम्ही वापरता त्या कोडचा परवाना देणारा दुसराच कुणी असतो. त्याचा हेतू फाउंडेशनपेक्षा वेगळा असू शकतो. लेखी दस्तऐवज असताना तोंडी बोलणं पुढे करून त्याचा अर्थ फिरवण्यावर आपल्या पुराव्याच्या कायद्यात मर्यादा आहेत. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ ने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. 'ते एका मीटपमध्ये असं म्हणाले होते' यावर भिस्त ठेवू नका.

वर्डप्रेसवर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी बाब. संकेतस्थळं बनवण्याचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे. २००९ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर या मुक्त सॉफ्टवेअरला कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेने मत दिलं की थीममधला पीएचपी कोड वर्डप्रेसपासून व्युत्पन्न ठरतो, पण चित्रं आणि सीएसएस ठरत नाहीत. म्हणून जीपीएलखालचं विकतचं प्लगइन एकाने घेऊन दुसऱ्याला दिलं तर परवान्याच्या शब्दांत ते बसतं, मूळ लेखकाला कितीही राग आला तरी. त्याचं नाव, त्याचं बोधचिन्ह आणि त्याच्या अपडेटची सेवा मात्र परवान्यात येत नाही. गिऱ्हाइकाच्या साइटवर अशी कुठून तरी आणलेली प्रत बसवणाऱ्यांनी सुरक्षेचा विचार आधी करावा. आणि ज्याच्या प्लगइनवर आपलं पोट चालतं त्याला वर्षाची फी द्यावी. परवाना तसं मागत नाही, मी मागतो.

पायरी ६: वरून जोडलेली ओळ

'एमआयटी परवाना, फक्त व्यावसायिक वापर करू नये.' अशी ओळ आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसते. हेतू समजतो, मेहनत दुसऱ्याने विकू नये. पण एमआयटीच्या मजकुरात विकण्याची परवानगी शब्दशः आहे. आता दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात, आणि तो कोड ओपन सोर्सही राहत नाही, कारण ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या, ओपन सोर्स कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या संस्थेच्या व्याख्येचा सहावा निकष वापराच्या क्षेत्रावरून भेद करू देत नाही.

चांगल्या हेतूची ओळसुद्धा घोटाळा करते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या माहिती देवाणघेवाणीच्या साच्यासाठीच्या कोडच्या परवान्यात लिहिलं की सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. कोण नाही म्हणेल? पण चांगलं-वाईट ठरवणार कोण, याला उत्तर नाही, म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तो परवाना मुक्त मानला नाही आणि अपाची संस्थेने आपल्या प्रकल्पांत तसा कोड घेणं बंद केलं.

निओफोरजे या डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीचं प्रकरण आणखी अडचणीचं आहे. कंपनीने एजीपीएल आवृत्ती ३ च्या जोडीला कॉमन्स क्लॉज ही विक्रीवर बंदी घालणारी पुरवणी लावली. एजीपीएलचं कलम ७ सांगतं की परवान्याबाहेरचे जादा निर्बंध मिळणाऱ्याला काढून टाकता येतात. एकाने ते शब्दशः घेतलं, पुरवणी काढली आणि 'मोकळी' प्रत म्हणून वाटली. अमेरिकी कोर्टाने मूळ मालकाची बाजू धरली, आणि २०२२ मध्ये नाइन्थ सर्किटच्या अपील कोर्टानेही ती दिशा कायम ठेवली. शब्द आपल्या बाजूने दिसतात म्हणून मालकाने लावलेली ओळ आपल्या हाताने खोडू नका. आधी विचारा.

मजकूर, नोट्स, चित्रं यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने आहेत. ते सॉफ्टवेअरसाठी वापरू नका, असं ती संस्थाच सांगते. त्यांतला 'अव्यावसायिक' हा शब्द लातूरसारख्या क्लासेसच्या गावात रोज अडतो. अशा परवान्याच्या नोट्स शाळेने झेरॉक्सवाल्याकडे दिल्या आणि त्याने पानामागे पैसे घेतले, तर तो भंग आहे का? अमेरिकेत ग्रेट माइंड्स या संस्थेने गणिताच्या पाठ्यसामग्रीवरून फेडेक्स आणि ऑफिस डेपोवर नेमका हाच दावा लावला. दोन्ही अपील कोर्टांनी, २०१८ आणि २०१९ मध्ये, तो फेटाळला: वापर शाळेचा आहे, प्रत काढणारा तिच्या वतीने काम करतो. आपल्या कोर्टावर ते निकाल बंधनकारक नाहीत, पण युक्तिवाद म्हणून मांडता येतात. क्लासने स्वतः त्या नोट्स छापून फीमध्ये धरल्या तर गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी परवानगी मागितल्याशिवाय पुढे जाणार नाही.

पायरी ७: लेखी विचारा, लेखी ठेवा

अर्थाबद्दल शंका असेल तर लेखकाला छोटं पत्र लिहा. 'हे चालेल का?' असं मोघम विचारू नका. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं. साचा असा:

'नमस्कार. आम्ही आपल्या प्रकल्पाची अमुक आवृत्ती, अमुक परवान्याखाली, अमुक तारखेला घेतली. आमचा वापर असा आहे (तीन-चार वाक्यं). परवान्याच्या अमुक कलमाचा अर्थ आम्ही असा लावला आहे. आपला अर्थ वेगळा असल्यास कळवावे. आपण एकटेच मालक आहात की इतरांचेही योगदान आहे, हेही सांगावे.'

'अर्थ आम्ही असा लावला आहे' हे वाक्य सगळ्यात मोलाचं. तुमचा अर्थ तुम्ही उघड मांडला याची नोंद राहते. उत्तर आलं तर कोडसोबत जपून ठेवा. उत्तर आलंच नाही तर गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरू नका.

तुमच्याकडे एक नोंदवही ठेवा: लायब्ररीचं नाव, आवृत्ती, परवाना, कशी जोडली, अर्थाबद्दल शंका, काय ठरवलं आणि का. वाळूज किंवा शेंद्र्यातल्या मोठ्या कारखान्याचं काम घ्यायला गेलात तर ही यादी मागितली जाऊ शकते. त्या दिवशी बनवायला बसलात तर उशीर झालेला असतो.

पायरी ८: नोटीस आलीच तर

आधी भंग थांबवा, मग वाद घाला. जीपीएल आवृत्ती २ मध्ये भंग झाला की हक्क आपोआप संपतात. आवृत्ती ३ मध्ये सवलत आहे: पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर हक्क कायमचे परत मिळतात. लिनक्सच्या अनेक योगदानकर्त्यांनीही २०१७ मध्ये स्वतःच्या कोडसाठी तशीच सवलत जाहीर केली. म्हणून नोटीस हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा.

तुमचाच कोड कुणी नाव पुसून वापरला असेल तर मुंबईला धाव घ्यावी लागेलच असं नाही. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहेच. दाव्याचं मूल्य तीन लाख किंवा जास्त असेल तर तो वाणिज्य न्यायालयाच्या कक्षेत जातो. तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. वकिलाकडे जाताना लायसन्स फाइल, गिटचा (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास आणि दोन्ही कोडची ओळीओळीची तुलना सोबत न्या. जिल्ह्याच्या वकिलाला असं प्रकरण नवं असू शकतं, त्याला तांत्रिक बाजू बसून समजावणं हे तुमचं काम.

पायरी ९: स्वतःचा परवाना देताना

स्वतः मजकूर लिहू नका. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेला परवाना निवडा आणि त्यात एकही शब्द घालू नका. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कॉपीराइटचं वर्ष, मालकाचं नाव आणि परवान्याचं एसपीडीएक्स ओळखचिन्ह (प्रत्येक परवान्याचं ठरवून दिलेलं छोटं नाव) लिहा. त्यात 'फक्त ही आवृत्ती' की 'किंवा नंतरची' हे ठरलेलं असतं. दुसऱ्यांचे बदल घेताना गिटमध्ये सही करायला सांगा, म्हणजे तो कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे असं त्यांनी लेखी सांगितल्यासारखं होतं. लिनक्सने २००४ पासून अशी सही घेण्याची पद्धत ठेवली आहे.

मग रीडमीत 'आमचा हेतू' नावाचा एक परिच्छेद मराठीत आणि इंग्रजीत लिहा: हा कोड कशासाठी दिला, कुठला वापर आम्ही परवान्यात बसतो असं धरतो, शंका आल्यास कुठल्या पत्त्यावर लिहावं. खाली हेही लिहा की हा परिच्छेद परवान्यात भर घालत नाही किंवा त्यातून काही काढत नाही, आणि दोन्हींत तफावत दिसली तर लायसन्स फाइल प्रमाण.